जुन्या जीन्सच्या गिरद्या आणि त्यांवर मशीनने शिवलेली मराठी अक्षरे

बाजारात ज्यांना ‘बाऊल फिलर’ म्हणतात, त्या म्हणजे तळहातावर मावतील एवढ्या, गच्च भरलेल्या छोट्या उश्या. दिवाणखान्यातील टीपॉयवर एखाद्या परातीत, वाडग्यात किंवा परडीत त्या पाच-सात रचून ठेवतात. आमच्या घरी त्यांना ‘गिरद्या’ हे नाव पडले आणि या लेखातही मी तेच वापरणार आहे. खरी गिरदी बैठकीवरची आणि बरीच मोठी असते, हे मान्य आहे. पण नाव आता तोंडात बसले आहे.

या गिरद्यांकडे मी वळले त्याचे कारण साधे होते. गल्लीत येणारी बोहारीण साड्या आणि शर्ट आनंदाने घेते, परंतु गुडघ्यावर विटलेली जीन्स हातात घेऊन उलटसुलट पाहते आणि बाजूला सारते. गोधडीत घालावी तर सुई जात नाही, आणि लादी पुसायला घ्यावी तर ती पाणी टिपण्याऐवजी जड होऊन बसते. अशा सहा पँटी नाशिकमधील आमच्या इंदिरानगरच्या घरात कपाटाच्या तळाशी साठल्या होत्या. त्यांतून आतापर्यंत तीसेक गिरद्या झाल्या, आणि त्यांतील पहिल्या आठ वाया गेल्या. त्या आठांमधून जे कळले ते येथे क्रमाने लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. गिरदी शिवणे हा अर्ध्या तासाचा सोपा भाग आहे. कस लागतो तो अक्षरांमध्ये. रोमन अक्षरांसाठी सांगितलेली पद्धत जशीच्या तशी मराठीला लावली, तर प्रत्येक अक्षरानंतर दोरा तोडावा लागतो आणि उलट बाजूला दोऱ्यांचे जंगल होते. देवनागरीला शिरोरेखा आहे, त्यामुळे बहुतेक शब्द सुई एकदाही न उचलता शिवता येतात. ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून चौथ्या आणि पाचव्या पायरीवर मी इतर सर्व पायऱ्यांपेक्षा अधिक थांबणार आहे.

१. आधी भांडे ठरवा

गिरदीचे माप भांड्यावरून ठरते. भांड्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा गिरदी मोठी असेल, तर तीनच गिरद्या बसतात आणि भांडे गच्च दिसते. ३५ ते ४० सेंटिमीटर व्यासाच्या परातीसाठी शिवून झालेली १२ बाय १० सेंटिमीटरची गिरदी योग्य ठरते. पितळी परात घ्यायची असल्यास नाशिकच्या भांडी बाजारात एक फेरी मारावी. बांबूची परडी हवी असल्यास गोदाघाटावर बुधवारी भरणारा आठवडे बाजार पाहावा. घरात आजीची लाकडी काठवट पडून असेल, तर मात्र काहीही विकत घेऊ नये. निळ्या जीन्सला काठवटीइतके दुसरे काही शोभत नाही, असे माझे मत आहे.

२. साहित्य जमवा

- सरळ पायाची, अनेकदा धुतलेली, न ताणणारी एक जीन्स पँट
- शिलाई मशीन; साधी काळी पायमशीन पुरेशी आहे
- मशीनच्या १६ नंबरच्या चार-पाच सुया (जीन्ससाठीची सुई वेगळी मिळते, ती मिळाल्यास उत्तम)
- पॉलिस्टरचा मजबूत दोरा: शिवणीसाठी गडद निळा, अक्षरांसाठी पांढरा किंवा जीन्सच्या मूळ टिपेसारखा सोनेरी-पिवळा
- इस्त्रीने चिकटणारे पेस्टिंग (कापडाला मागून आधार देणारे अस्तर), पाव मीटर
- भरतकामाची १२ ते १३ सेंटिमीटरची रिंग
- साबणाची वाळलेली चिप किंवा शिंप्याचा पांढरा खडू, आणि पिवळा कार्बन कागद
- धारदार कात्री, टाके उसवण्याचे हत्यार, टाचण्या, अंगुस्तान, छोटी पक्कड
- भरण्यासाठी फायबर किंवा सावरीचा कापूस

सुया, दोरे, पेस्टिंग आणि कार्बन कागद हे सर्व मेन रोड आणि कापड बाजाराच्या परिसरात एका फेरीत मिळते. दुकानात ‘जीन्सवर नावे घालायची आहेत’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे ब्लाउजसाठीचे पातळ पेस्टिंग हाती पडत नाही.

पँट निवडताना आतील लेबल वाचावे. त्यावर इलॅस्टेन, लायक्रा किंवा स्पँडेक्स असे लिहिले असेल, तर ती पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नये. असे कापड सुईखाली ताणले जाते आणि रिंग काढताच आखडते, त्यामुळे अक्षरांभोवती सुरकुत्या उभ्या राहतात. शंभर टक्के सुती, थोडी जुनी पँट सर्वांत शहाणी. जीन्सचे कापड औंसांत मोजतात. १२ औंसाचे कापड म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम. घरगुती मशीन एवढ्या कापडाचे दोन थर सहज शिवते, चार थरांना कुरकुरते आणि सहा थरांना थांबते. गिरदीत दोनाहून अधिक थर शक्यतो येऊ द्यायचे नाहीत, हे यातून ओघाने आलेच.

३. पँट कापा

पँट धुऊन, वाळवून आणि इस्त्री करून घ्यावी. कापडाचे अंग ओळखणे येथे उपयोगी पडते. जीन्समध्ये उभा धागा, म्हणजे ताणा, निळीने रंगवलेला असतो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, पांढरा असतो. विणताना ताणा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जाऊन एकाखालून जातो, म्हणून सुलट बाजू निळी आणि उलट बाजू फिकी दिसते. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या थरातच बसतो, गाभा पांढरा राहतो. त्यामुळे घासलेल्या जागी जीन्स पांढुरकी होते. याचा लाभ घ्यावा: मागचा खिसा उसवल्यावर त्याखाली निघणारा कोरा गडद निळा चौकोन अक्षरांसाठी पँटीतील सर्वोत्तम जागा असतो. मी तो नेहमी सर्वांत आवडत्या शब्दासाठी राखून ठेवते.

दोन्ही पायांच्या शिवणींलगत कापून पुढचे आणि मागचे भाग वेगळे करावेत. जाड दुहेरी शिवण आणि खालची दुमड पूर्णपणे काढून टाकावी. सरळ पायाच्या पुरुषी पँटीत गुडघ्याखाली असे चार पट्टे मिळतात, आणि प्रत्येक पट्ट्यातून १४ सेंटिमीटर रुंद व १२ सेंटिमीटर उंच असे तीन तुकडे निघतात. म्हणजे एका पँटीतून बारा तुकडे आणि सहा गिरद्या. यात चारही बाजूंनी १ सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले जादा कापड, धरलेली आहे. पायाची लांबी ती तुकड्याची उंची, असे ठेवावे, म्हणजे उभा धागा गिरदीतही उभाच राहतो.

तुकडे आत्ताच कापू नयेत, केवळ खडूने आखून ठेवावेत. पट्टा सलग असला तरच तो रिंगमध्ये नीट पकडता येतो. अक्षरे झाल्यावर तुकडा कापायचा आहे. खिशाजवळील तांब्याच्या रिव्हेटांपासून दोन बोटे दूर राहावे. माझी पहिली सुई रिव्हेटवरच तुटली आणि तिचे टोक चष्म्याच्या काचेवर येऊन आदळले. चष्मा नसता तर काय झाले असते, हा विचार आजही मशीनवर बसताना मनात येतो. तुम्हाला चष्मा नसेल, तर साधा पारदर्शक गॉगल लावून बसावे.

४. शब्द निवडा

गिरदी भरल्यावर कडा वळतात आणि कडेचे अक्षर दिसेनासे होते. म्हणून १२ सेंटिमीटरच्या गिरदीवर शब्दाची रुंदी ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि अक्षराची उंची, मात्रा सोडून, अडीच ते तीन सेंटिमीटर असावी. याहून लहान अक्षरांची पोटे दोऱ्याने भरून जातात. ‘व’ आणि ‘क’ यांत फरक उरत नाही. या मापात दोन ते तीन अक्षरी शब्द बसतात: घर, सण, ऊन, वारा, गोदा, पाऊस, सावली, नाशिक.

शब्द निवडताना अर्थाइतकेच त्याचे शरीर पाहावे. जे शब्द शिरोरेखेला अखंड लोंबलेले असतात ते सोपे. अनुस्वार हा शिरोरेखेपासून सुटलेला ठिपका असतो, तेव्हा ‘अंगण’ किंवा ‘गंध’ यांसारख्या शब्दांतील टिंब मशीनने करूच नये. नंतर हाताने गाठीचा टाका घालावा, तो मशीनच्या ठिपक्यापेक्षा सुबकही दिसतो.

खरी मेख ‘ध’ आणि ‘भ’ यांत आहे. ‘घ’ आणि ‘म’ यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून या दोन अक्षरांच्या डाव्या भागावर शिरोरेखा नसते. ‘धन’ किंवा ‘भात’ यांसारख्या शब्दांत ही अक्षरे आरंभी असतील तर अडचण नाही, कारण रेषा त्यांच्या दांड्यापासून सुरू करता येते. परंतु ती शब्दाच्या मध्ये आली, जसे ‘मधुर’ किंवा ‘सभा’, तर रेषा तुटते आणि दोरा तोडून नव्याने सुरुवात करावी लागते. माझ्या मावशींसाठी शिवलेल्या एका गिरदीवर मी घाईने रेषा जोडून टाकली आणि ‘मधुर’चे ‘मघुर’ झाले. मावशी शिक्षिका होत्या. त्यांनी ती गिरदी परातीत ठेवली खरी, पण पालथी.

आणखी एक सूचना. संगणकावर शब्द टंकून त्याची छापील प्रत गिरवणार असाल, तर ‘ल’ आणि ‘श’ तपासून घ्यावेत. अनेक टंकांमध्ये (फाँटमध्ये) ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा असेल, तर मराठीसाठी केलेला टंक निवडावा किंवा सरळ हाताने लिहावे. माझा कल हाताने लिहिण्याकडे आहे. शाळेत वळणदार अक्षराला गुण मिळाले नसले, तरी दोऱ्यात उतरल्यावर स्वतःचे अक्षर छापील अक्षरापेक्षा जिवंत वाटते.

५. शब्दाची वाट कागदावर काढा

ही पायरी वगळण्याचा मोह होतो आणि बहुतेकांचे काम येथेच बिघडते. कागदावर शब्द खऱ्या मापाने लिहावा, आणि पेन्सिल न उचलता संपूर्ण शब्द गिरवता येईल अशी वाट शोधावी. लिहिताना आपण आधी अक्षरे लिहितो आणि शेवटी वरची रेषा ओढतो. शिवताना उलट करायचे असते: रेषेवरून चालायचे आणि वाटेत लागेल ते अक्षर खाली उतरून, पुन्हा त्याच वाटेने वर येऊन पूर्ण करायचे.

‘गोदा’ हा शब्द उदाहरणासाठी घेऊ. शिरोरेखेच्या डाव्या टोकापासून सुरुवात करावी. ‘ग’चा डावा आकडा जेथे लोंबतो तेथे थांबून खाली उतरावे, आकड्याचे वळण पूर्ण करावे आणि त्याच दोऱ्यावरून परत रेषेवर यावे. पुढे सरकून ‘ग’चा दांडा खालपर्यंत शिवावा आणि परत वर यावे. नंतर ओकाराचा काना खाली-वर करावा, त्याच्या डोक्यावरची तिरकी मात्रा टोकापर्यंत शिवून परत यावे. मग ‘द’मध्ये उतरावे: मान, पोट, शेपटी, आणि शेपटीच्या टोकापासून आल्या वाटेने परत. अखेरचा काना खाली-वर झाला की आपण शब्दाच्या उजव्या टोकाला पोहोचलेले असतो. आता शिरोरेखेवरून सरळ डावीकडे, जेथून निघालो तेथे परतावे.

या चालीचा गुण असा की शब्दातील प्रत्येक रेषेवर सुई नेमकी दोनदा जाते. जीन्सच्या जाड विणीवर एकेरी टीप पुसट दिसते, दुहेरी टीप ठसठशीत उमटते. आणि आरंभ व शेवट एकाच ठिकाणी येत असल्याने दोऱ्याच्या गाठी बांधण्याची जागा एकच उरते. ‘व’, ‘क’ यांसारख्या पोटाच्या अक्षरांत पोटाला पूर्ण फेरी होते, तेथे दुसरी फेरी मारून मग पुढे निघावे, म्हणजे जाडी सारखी राहते.

ऱ्हस्व वेलांटी नवशिक्यांना चकवते. ‘नाशिक’ लिहिताना आपण ‘श’ काढून मग मागे येऊन वेलांटी देतो, परंतु शिवताना आपण डावीकडून उजवीकडे जातो, म्हणून वेलांटीचा दांडा ‘श’च्या आधी येतो. दांडा खाली-वर करावा, त्याच्या डोक्यावरून कमान ‘श’च्या माथ्यापर्यंत न्यावी, आल्या वाटेने परत यावे आणि मगच ‘श’मध्ये शिरावे. कागदावर ही वाट पेन्सिलीने तीन वेळा न अडखळता गिरवता आली, म्हणजे हाताला ती पाठ झाली असे समजावे.

६. शब्द कापडावर उतरवा

आखलेल्या तुकड्याच्या उलट बाजूला पेस्टिंग ठेवून इस्त्रीने दाबावे. सुलट बाजूला, तुकड्याच्या मध्यापासून किंचित वर, साबणाच्या चिपेने शिरोरेखा आखावी. ती आडव्या धाग्याला समांतर आहे ना, हे पट्टीने तपासावे. जीन्सच्या विणीत तिरके पट्टे असतात आणि ते डोळ्याला फसवतात. नजरेने आखलेली रेषा हमखास कलते. नंतर पिवळा कार्बन ठेवून कागदावरचा शब्द टोकदार पेनाने दाबून उतरवावा.

येथे एक सापळा आहे. काही खडू मेणकट असतात आणि इस्त्रीखाली त्यांचे डाग पक्के बसतात. म्हणून कापडाच्या कातरणावर खडूची रेघ मारून, इस्त्री फिरवून आधी पाहावे. साबणाची चिप या बाबतीत निर्धोक आहे, ती ओल्या फडक्याने निघून जाते, आणि ती घरात फुकट असते.

७. मशीन तयार करा

नवी १६ नंबरची सुई बसवावी. आठवड्यापूर्वी साडीला फॉल लावलेली सुई जीन्सवर वापरू नये. ती टाके गाळते आणि दोष मशीनला लागतो. कापड पुढे ढकलणारे दाते खाली घ्यावेत. जुन्या पायमशीनवर तशी सोय नसल्यास दात्यांवर बसणारी पत्र्याची झाकणी लावावी आणि टाक्याची लांबी शून्यावर न्यावी. नेहमीचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, काढून भरतकामाचा, म्हणजे स्प्रिंगचा फूट लावावा. भरतकाम करणारे अनेक कारागीर फुटाशिवायच काम करतात, पण त्यांच्या बोटांना जी सवय आहे ती आपल्या बोटांना नाही.

फूट काढून काम करण्याचे ठरवलेच, तरी फूट वर-खाली करणारा मागचा दांडा खाली करण्यास विसरू नये. दांडा वर असताना वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही, आणि चार टाक्यांत कापडाखाली दोऱ्याचे घरटे तयार होते. मी दोन संध्याकाळी बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) उघडून, साफ करून, पुन्हा बसवत होते; दोष केवळ त्या दांड्याचा होता.

रिंगमध्ये कापड बसवताना हाताच्या भरतकामाच्या उलट बसवावे, म्हणजे कापड रिंगच्या तळाशी येऊन मशीनच्या पाटावर सपाट टेकले पाहिजे. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळल्यास जाड जीन्स सरकत नाही. वरचा ताण नेहमीपेक्षा थोडा सैल करावा आणि बॉबिनमध्येही अक्षराच्याच रंगाचा दोरा भरावा, म्हणजे ताण थोडा चुकला तरी चूक दिसत नाही.

८. अक्षरे शिवा

प्रथम कातरणावर पाच मिनिटे नुसत्या आडव्या रेघा आणि गोल काढावेत. येथे टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही, हात ठरवतो: पाय जलद आणि हात मंद असेल तर टाके बारीक येतात, हात जलद झाला तर टाके लांबतात आणि सुई वाकून पाटावर आपटते. पाय एका लयीत ठेवून हात संथ चालवणे, एवढेच शिकायचे असते. दोन मिलिमीटरच्या आसपासचा टाका वळणांवर चांगला दिसतो.

सुरुवातीला चाक हाताने फिरवून एक टाका घ्यावा, खालचा दोरा वर ओढून घ्यावा आणि दोन्ही टोके बोटाने धरून जागच्या जागी तीन टाके मारावेत. मग कागदावर पाठ केलेल्या वाटेने निघावे. रिंग गोल फिरवायची नसते, ती पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकवायची असते; शब्द सतत आपल्यासमोर सरळच राहिला पाहिजे. बोटे सुईपासून चार सेंटिमीटर दूर ठेवावीत. थांबायचे असेल तेव्हा सुई कापडातच रुतवून थांबावे.

परतीची टीप पहिल्या टिपेवर तंतोतंत बसली नाही तर उसवू नये. केसभर अंतराने धावणाऱ्या दोन टिपा बोरूने काढलेल्या अक्षरासारख्या जाड-बारीक दिसतात, आणि मला त्या अचूक टिपांपेक्षा अधिक आवडतात. मात्र शिरोरेखेच्या बाबतीत ही सूट घेऊ नये. ती वाकडी झाली की संपूर्ण शब्द वाकडा दिसतो. वाटल्यास परतीची शिरोरेखा दाते वर करून, साधा फूट लावून सरळ टिपेने मारावी.

ज्यांना अशी मोकळी शिलाई अजिबात जमत नाही, त्यांनी साध्या फुटाने, दीड मिलिमीटरच्या टाक्याने शिवावे आणि वळणावर दर दोन टाक्यांनी सुई आत ठेवून, फूट उचलून कापड किंचित फिरवावे. वेळ तिप्पट लागतो, पण अक्षर उमटते. यासाठी अक्षराची उंची चार सेंटिमीटर ठेवावी आणि ‘घर’, ‘सण’ असे दोन अक्षरी शब्दच घ्यावेत.

९. दोन तुकडे जोडा

अक्षरे झाल्यावर तुकडा १४ बाय १२ मापाने कापावा आणि मागचा कोरा तुकडाही त्याच मापाने कापावा. जोडण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत सुलट बाजू आत ठेवून, १ सेंटिमीटर मायेने, अडीच मिलिमीटरच्या टाक्याने चारही बाजू शिवतात आणि खालच्या बाजूला ५ सेंटिमीटर तोंड उघडे ठेवतात. तोंडाच्या दोन्ही टोकांना टीप मागे-पुढे करून पक्की करावी, नाहीतर भरताना ती उसवते. कोपऱ्यांवर काटकोन न घेता किंचित गोलाई द्यावी, कोपऱ्याची माया तिरकी कापावी आणि मगच सुलटे करावे. जीन्सचा टोकदार कोपरा कधीच पूर्ण उलटत नाही. तेथे आत गोळा राहतो. याच कारणासाठी चांदणी आणि बदाम हे आकार पहिल्या महिन्यात करू नयेत. कोयरी मात्र करता येते, वळणावरच्या मायेला दर एक सेंटिमीटरवर खाचा दिल्या तर.

दुसरी पद्धत मला अधिक प्रिय आहे आणि नवशिक्यांना सोपी आहे. सुलट बाजू बाहेर ठेवूनच दोन तुकडे एकावर एक ठेवावेत, भरण्यापुरते तोंड सोडून कडेपासून १ सेंटिमीटर आत दुहेरी टीप मारावी आणि बाहेरच्या मायेच्या दशा काढाव्यात. सुईने कडेचे चार-पाच धागे ओढले आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने कडा विंचरली, की दशा मोकळ्या होतात. यात एक सुंदर गोष्ट आपोआप घडते: डाव्या-उजव्या बाजूंना आडवे धागे मोकळे होतात म्हणून त्या दशा पांढऱ्या येतात, आणि वर-खाली उभे धागे मोकळे होतात म्हणून त्या निळ्या येतात. उभा धागा उभा ठेवण्याचा आग्रह मी यासाठीच धरला होता.

१०. भरा

भरण्यासाठी घरी सहज सुचतात ते तांदूळ वापरू नयेत. मी जूनमध्ये तांदूळ भरलेल्या चार गिरद्या केल्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत परातीत टोके फिरू लागले. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरकडे भाताची शेती असल्याने भाताचा तूस मिळू शकतो; गिरदीला वजन हवे असेल तर तो चांगला, मात्र तो कडक उन्हात दोन दिवस वाळवून, चाळून, सुती कापडाच्या आतल्या पिशवीत भरावा, नाहीतर टोचऱ्या कण्या शिवणीतून बाहेर येतात. पँटीच्याच कातरणाने भरण्याची कल्पना आकर्षक वाटते, परंतु तिने गाठी-गाठी दिसतात. ते बारीक कापून फायबरच्या मधोमध लपवावे.

साधे फायबर सर्वांत सोयीचे. एका गिरदीत माझ्या स्वयंपाकघरातील काट्यावर १५ ते २० ग्रॅम भरले. एकदम मोठा गोळा कोंबू नये. सुपारीएवढे पुंजके घेऊन, विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने आधी चारही कोपरे भरावेत, मग कडा आणि शेवटी मध्य. भरून झाली असे वाटल्यावर आणखी एक मूठ भरावी. जीन्सचे कापड जाड असते, सैल भरलेली गिरदी पंधरा दिवसांत बसते आणि अक्षरांवर घडी पडते.

११. तोंड बंद करा आणि निगा राखा

पहिल्या पद्धतीत तोंडाच्या कडा आत दुमडून, एकदा या घडीतून व एकदा त्या घडीतून असे टाके घेत दोरा ओढावा, म्हणजे टाके आत लपतात. दोरा दुहेरी घ्यावा, अंगुस्तान घालावे, आणि सुई अडकली की दाताने न ओढता पकडीने ओढावी. दुसऱ्या पद्धतीत मशीनचीच टीप पुढे चालवून तोंड बंद होते. फायबर बोटांनी मागे दाबून टाचण्या लावाव्यात. त्यानंतर मशीनचा पाट उघडून दात्यांखाली साठलेला निळा कीस ब्रशने काढावा आणि तेलाचा एक थेंब सोडावा. हे काम उद्यावर टाकल्यास पुढच्या पांढऱ्या कापडावर निळे ठिपके उमटतात.

गिरद्या भिजवून धुऊ नयेत. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवाव्यात. पितळी परातीत ठेवण्यापूर्वी त्या पूर्ण कोरड्या असल्याची खात्री करावी, कारण ओल राहिल्यास पितळेवर हिरवट डाग धरतो. घरात रांगते मूल असेल, तर गाठीच्या टाक्याऐवजी टिंबासाठी बटण लावण्याचा मोह टाळावा, आणि परात उंच फडताळावर ठेवावी.